डावा खांदा, उजवा खांदा

भांडण पेटलं तेव्हा मी चहाचे कप मांडत होते. ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन भागात एका चर्चमागे हॉल आहे, तिथे आमचा सराव चालला होता. उन्हाळ्यातली जत्रा तोंडावर आलेली आणि जत्रेत हिरवळीवर आमच्या मंडळाचा नाच ठरलेला. नाच म्हणजे इंग्लिश कंट्री डान्स, इथला जुना, रांगेत जोड्या करून करायचा लोकनाच. मंडळ म्हणजे वीस-पंचवीस माणसं, त्यातली बरीचशी सत्तरीच्या पुढची. त्यातले एक निवृत्त गणिताचे मास्तर आणि कायम पिवळं कार्डिगन घालून येणाऱ्या एक आजी हॉलच्या मधोमध समोरासमोर उभे राहून अतिशय सभ्य आवाजात एकमेकांना खोडून काढत होते. इंग्रज माणूस भांडताना आवाज चढवत नाही, वाक्यं लांबवतो. ‘मला वाटतं, जरा शांतपणे पाहिलंत तर तुमच्याही लक्षात येईल’ अशी सुरुवात झाली की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय. मुद्दा होता सायडिंगचा. जोडीदाराच्या दिशेने चार पावलं जायचं आणि चार पावलं परत यायचं, एवढाच तो प्रकार. पण जाताना डाव्या खांद्याला डावा खांदा देत पार पलीकडे जाऊन वळायचं, की उजव्या खांद्याशी उजवा खांदा येईपर्यंतच जाऊन उलट पावली मागे यायचं? मास्तर डाव्याचे, आजी उजव्याच्या. मध्येच आजींची नजर माझ्यावर पडली. ‘हिलाच विचारू या,’ त्या म्हणाल्या, ‘हिचं यात काही नाही, ही नीट सांगेल.’ मी म्हटलं, चहा गार होतोय. सगळे हसले आणि विषय तेवढ्यापुरता मिटला.

त्यांच्या बोलण्यात खोच अजिबात नव्हती, हीच अडचण. खोच असती तर मी घरी येऊन नवऱ्याजवळ चार वाक्यं बोलून मोकळी झाले असते. आजींनी मला पंच केलं होतं, मानच दिला होता. तरी रात्री भांडी आवरताना ते वाक्य पुन्हा पुन्हा वर येत राहिलं. माझं यात काही नाही हे खरंच आहे. मी वाईची. रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून या गावात आले, आणि प्रयोगशाळेतल्याच एका मैत्रिणीने ‘एकदा येऊन तर बघ, नाही आवडलं तर केक खाऊन जा’ म्हणून या हॉलात ओढून नेलं. केक बरा होता. मी मात्र नाचासाठी जात राहिले.

या नाचात काय असतं ते लांबून बघणाऱ्याला फारसं कळत नाही. बायका-पुरुषांच्या दोन लांब रांगा समोरासमोर. वरून मोजत आलं की पहिली जोडी, दुसरी जोडी, पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी, असे चार-चार जणांचे चौक पडतात. चौकातल्या चौकात हात धरून गोल फिरायचं, तिरकं जाऊन जागा बदलायची, एकमेकांच्या मधून गोफ विणल्यासारखं आत-बाहेर जायचं. चालीचं एक आवर्तन संपतं तेव्हा पहिली जोडी एक घर खाली सरकलेली असते आणि दुसरी एक घर वर. म्हणजे पुढच्या आवर्तनाला समोर नवी माणसं. करता करता रांगेतल्या प्रत्येकाशी प्रत्येकाची गाठ पडते. तुम्हाला तो आवडतो की नाही, त्याने गेल्या निवडणुकीत कुणाला मत दिलं, त्याच्या हाताला घाम येतो का, कसली चौकशी नाही. टोकाला पोचलं की एक आवर्तन नुसतं उभं राहायचं आणि मग उलट दिशेने परत आत शिरायचं. या टोकाच्या उभं राहण्यात मला सुरुवातीला फार अवघडायला व्हायचं. हात कुठे ठेवावेत कळायचं नाही. आता तीच माझी आवडती जागा आहे. तिथून अख्खी रांग दिसते, फिडल आणि कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरून वाजवायची छोटी भात्याची पेटी) नीट ऐकू येतात, लाकडी जमिनीच्या पॉलिशचा आणि खुंटीवरच्या ओल्या कोटांचा मिसळलेला वास येतो, आणि शेजारी जो कोणी उभा असेल तो हमखास काहीतरी बोलतो. तेवढ्या वेळात मला माणसांची गुडघ्याची ऑपरेशनं, नातवंडांचे निकाल, एकदा तर एका घटस्फोटाची बातमीही कळली आहे.

खरी पंचाईत डोळ्यांची होती. पहिल्या संध्याकाळी दोन्ही हात धरून गोल फिरताना मी जमिनीकडे बघत होते, तेव्हा समोरचे गृहस्थ हळूच म्हणाले, ‘पायांकडे नको, माझ्याकडे बघ, नाहीतर चक्कर येईल.’ शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. गिरकीत जमीन फिरते, भिंती फिरतात, समोरचा चेहरा तेवढा स्थिर राहतो. पण ज्या घरात पाहुणे आले की मुलींनी पाण्याचा तांब्या ठेवून नजर खाली करून आत जायचं, त्या घरातून आलेल्या बाईला परक्या पुरुषाच्या डोळ्यांत आठ मोजेपर्यंत बघायला सांगणं म्हणजे काय! गोव्याकडच्या मांडोत बायका-पुरुष अशाच दोन रांगांत एकमेकांसमोर येतात म्हणे, पण वाईपासून मडगाव लांब आहे. ‘होल इन द वॉल’ नावाचा एक संथ नाच आहे, चाल हेन्री पर्सेलची, १६९५ सालच्या एका नाटकासाठी रचलेली. त्यात कोपऱ्यावरची दोन माणसं तिरकी चालत येतात, एकमेकांकडे बघत बघत बाजूने निघून जातात आणि समोरच्याच्या जागी जाऊन उभी राहतात. स्पर्श नाही, शब्द नाही. जे लोक आगगाडीत समोरासमोर तासभर बसून एकमेकांना दिसत नाहीत, तेच लोक इथे इतकं सरळ बघतात की पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता. नियम आहे म्हणून बघायचं, आवर्तन संपलं की सोडून द्यायचं. माझा अंदाज असा की नियमाचा एवढा आडोसा नसता तर यांना हे जमलंच नसतं.

मला मात्र ते आवडायला लागलं, आणि आवडतंय याचा संकोचही बरेच दिवस पुरला.

आता खांद्यांकडे येते. जॉन प्लेफोर्ड नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्याने १६५१ साली १०५ नाचांचं एक पुस्तक छापलं. राजाचं डोकं उडवून दोन वर्षं झालेली, देशावर सोवळ्या प्युरिटन लोकांचा अंमल, आणि हा गृहस्थ नाचाचं पुस्तक काढतो! ते इतकं खपलं की पुढे पाऊणशे वर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. जुनी पानं फार देखणी आहेत. वर स्वरलेखन, खाली चार ओळी सूचना, आणि कुणी कुठे उभं राहायचं ते दाखवायला पुरुषासाठी चंद्र आणि बाईसाठी सूर्य. पुढे चार पावलं जाऊन पाय जुळवले की ‘डबल’, दोन जाऊन जुळवले की ‘सिंगल’, हेही त्यात सांगितलंय. पण सायडिंग म्हणजे काय ते प्लेफोर्डने सांगितलेलंच नाही. त्या काळच्या वाचकाला ते येतच होतं. पोळी लाटायची कशी हे जसं आपल्या पाककृतींच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही. मग हळूहळू ते नाच मागे पडले, करणारी माणसं गेली आणि पानावर एक शब्द शिल्लक राहिला.

तो शब्द पुन्हा जमिनीवर आणला सेसिल शार्पने. शार्प लंडनचा संगीतशिक्षक. १८९९ च्या नाताळात तो सासूबाईंकडे आमच्या हेडिंग्टनला आला होता, आणि २६ डिसेंबरला घरासमोर पांढऱ्या कपड्यांतले, पायांना घुंगरू बांधलेले काही पुरुष रुमाल उडवत नाचायला आले. ते मॉरिस नाचणारे, आमचा नाच वेगळा. पण शार्पचा कान तिथे उघडला. कॉन्सर्टिना वाजवणारा विल्यम किंबर हा गवंडी. एरवी हे लोक वसंतात नाचत, पण थंडीने बांधकामं बंद पडली होती आणि घरात पैसे नव्हते, म्हणून हंगाम सोडून बाहेर पडले होते. त्याबद्दल किंबरने शार्पची माफीही मागितली. परंपरा, परंपरा म्हणून आपण जे डोक्यावर घेतो त्याच्या मुळाशी कधी कधी असा गवंड्याचा बुडालेला रोज असतो. पुढे शार्पने खेड्यांतले नाच टिपले, प्लेफोर्डच्या पुस्तकाशी झटापट केली आणि १९११ साली त्यातले तीस नाच उलगडून छापले. सायडिंग कसं असेल हे त्याने अंदाजाने ठरवलं: डावा खांदा. अर्ध्या शतकाने पॅट शॉ नावाच्या दुसऱ्या जाणकाराने वेगळा अंदाज मांडला: उजवा. म्हणजे आमचे मास्तर आणि आजी ज्याच्यावरून महिनाभर एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलत होते, ते दोन्ही अंदाज विसाव्या शतकातले. दोघांच्या पणज्यांनी यातलं काहीही केलं नसणार.

मला हसू यायला हवं होतं. पण वाईच्या आमच्या वाड्यात गणपतीच्या आरतीत कुठलं कडवं गाळायचं आणि शेवटी लय किती चढवायची यावरून दोन सख्खे काका दहा दिवस एका पंगतीला बसले नव्हते. त्यामुळे मी हसले नाही.

शार्पचं एका बाईशीही वाजलं होतं. मेरी नील. लंडनमध्ये शिवणकाम करून पोट भरणाऱ्या गरीब मुलींसाठी ती एस्पेरान्स नावाचा क्लब चालवायची. शार्पकडे या नाचांची माहिती आहे असं कळल्यावर तिने १९०५ साली सरळ किंबरलाच हेडिंग्टनहून बोलावून घेतलं आणि मुलींना शिकवायला लावलं. दिवसभर सुईत डोळे घालून बसणाऱ्या त्या मुलींनी तो नाच असा काही उचलला की थोड्याच दिवसांत त्याच गावोगावी जाऊन इतरांना शिकवू लागल्या. सुरुवातीला शार्प खूश होता. नंतर त्याला ते ढिसाळ वाटायला लागलं. त्याचं म्हणणं, पाऊल बरोबर पडलं पाहिजे, प्रमाण ठरलं पाहिजे, परीक्षा झाली पाहिजे. तिचं म्हणणं, मुलींच्या अंगात आनंद उतरला की झालं, बाकी पाऊल आपोआप येतं. शेवटी संस्था उभी राहिली ती शार्पची, १९११ च्या डिसेंबरात, आणि आज लंडनमधल्या मोठ्या वास्तूला नावही त्याचंच. मेरी नील पहिलं महायुद्ध आलं तेव्हा बाजूला झाली ती झालीच. हे वाचलं तेव्हा मी अर्थातच तिच्या बाजूची झाले. कोण होणार नाही?

पण माझी आत्या आठवली की माझं मत इतकं सरळ राहत नाही.

आत्या बाविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. आमच्याकडे कुणा नव्या सुनेची मंगळागौर असली की रात्रभर माजघर दणाणायचं. पिंगा, झिम्मा, किस बाई किस, सूप, घागर, एकेक करत पहाट व्हायची. मटकीची उसळ आणि भाजणीचे वडे तिनेच केलेले असायचे, पण ती माजघरात यायची नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पदर खोचून उभी राहायची. सगळे खेळ, सगळी गाणी, कुणाच्या मागून कुणी जायचं, सगळं तिला पाठ. खेळ अडला की उंबऱ्यावरून आवाज यायचा, ‘अगं, उजवीकडून! तिला येऊ दे की आधी!’ आणि अडलेलं सुटायचं. ज्याला आपण अंगातून अंगात उतरलेली परंपरा म्हणतो ती ही. तिला पुस्तक नव्हतं, परीक्षा नव्हती, आनंद उदंड होता, आणि कुणी आत यायचं, कुणी नाही, हेही न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं.

फुगडी मला आत्यानेच शिकवली, दुपारी, मागच्या अंगणात, सगळे झोपलेले असताना. हातांची अढी घालायची, पाय जुळवायचे, चवडे तिच्या चवड्यांना भिडवायचे. मी घाबरून पुढे झुकायचे. ती म्हणायची, ‘मागे पड. मी धरलंय.’ मागे पडल्याशिवाय फुगडी फिरत नाही. दोघींनी सारखंच मागे पडायचं, मग कुणीच पडत नाही. तिच्या तळहाताला डाळीच्या पिठाचा वास असायचा आणि अंगठ्याच्या बुडाशी विळीने कापल्याचा जुना वण, तो माझ्या मनगटाला लागायचा. हेडिंग्टनच्या हॉलमध्ये दोन हातांची गिरकी घेताना आमच्या कॉलर बाई, म्हणजे नाचाच्या सूचना पुकारणाऱ्या बाई, नव्या माणसांना सांगत असतात, भार द्या, हात लुळे सोडू नका, किंचित मागे झुका. मला ते कधी सांगावं लागलं नाही. तेव्हा माझं यात काही नाही, या वाक्याला माझ्या मनगटाचा थोडा आक्षेप आहे.

हॉलमध्ये बायका जास्त आणि पुरुष कमी. म्हणून अर्ध्याअधिक बायका पुरुषांच्या रांगेत उभ्या राहतात. हे आजचं नाही. शार्पने प्रात्यक्षिकांसाठी तयार केलेल्या पुरुषांच्या चमूतले चार जण एकट्या १९१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये मारले गेले. त्यात संगीतकार जॉर्ज बटरवर्थ होता, आणि ऑक्सफर्डमध्ये शिकवणारा रेजिनाल्ड टिडीही. या टिडीने इथून जवळच्या अ‍ॅस्कट-अंडर-विचवुड गावात नाचगाण्यासाठी हॉल बांधून दिला होता. तिथल्या हॉलला अजून त्याचंच नाव आहे. आघाडीमागच्या छावण्यांत, बरे होत असलेल्या सैनिकांना डेझी डेकिंग नावाची बाई हेच नाच शिकवायला गेली होती. युद्ध संपल्यावर नाचणाऱ्यांत बायकाच जास्त उरल्या, आणि कुणीतरी पुरुषाच्या जागी उभं राहायलाच हवं म्हणून त्या उभ्या राहिल्या. आता कित्येक मंडळांत पुरुष-बाई म्हणायचंही सोडून दिलंय, ‘लार्क’ आणि ‘रॉबिन’ अशी पक्ष्यांची नावं घेतात. मास्तरांना ते आवडत नाही. आजींना आवडतं. पिवळ्या कार्डिगनच्या या आजींना मागे-पुढे कोणी नाही. नवरा गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्या नाचायला आल्या होत्या, असं मला रांगेच्या टोकाला उभं असताना कुणीतरी सांगितलं, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात त्याचं काहीही नवल नव्हतं.

मला मात्र ते ऐकून एक आवर्तनभर काही सुचलं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन शार्पकडे पाहिलं की त्याचा तो मास्तरी काटेकोरपणा मला वेगळा दिसतो. त्याने नाच कागदावर चापून-चोपून बसवला, त्यातला वारा काढून टाकला, हे सगळं मान्य. पण कागदावर आलं म्हणूनच कॉलर बाईंना ते हातातल्या कार्डावरून वाचून दाखवता येतं, म्हणूनच प्रत्येक नाचाआधी संगीताशिवाय एकदा चालून घेतात, आणि म्हणूनच दारातून आलेल्या कुणालाही, अगदी वाईहून आलेल्यालाही, ‘तिसऱ्या जोडीत उभी राहा’ म्हणता येतं. खेडं शाबूत असतं, नाच आईकडून मुलीकडे जात असता, तर मी आज इथे टाळ्या वाजवणाऱ्यांत असते. नियम कोरडे असतात, पण सगळ्यांना सारखेच कोरडे असतात. मेरी नीलच्या मुली माझ्या अधिक लाडक्या आहेत यात बदल नाही. फक्त दार उघडं राहिलं ते बहुतेक त्या चिडक्या मास्तरामुळे.

जत्रेच्या दिवशी जत्रेत असतो तसा पाऊस होता, म्हणजे छत्री उघडली की थांबणारा. जॅमचे स्टॉल, जुन्या पुस्तकांचे खोके, रॅफलची तिकिटं, रिबिनी बांधलेली कुत्री. आम्ही ‘गॅदरिंग पीसकॉड्स’ केला. मोठं वर्तुळ करायचं, पुरुषांनी मध्ये धावत जाऊन टाळी वाजवायची, ते मागे येत असतानाच बायकांनी मध्ये जाऊन वाजवायची. हॉलमध्ये ही टाळी छताला लागून परत येते; हिरवळीवर ती नुसतीच उडून गेली. गवत ओलं होतं, त्यामुळे बाजूला घसरत जाण्याची पावलं सगळ्यांनी निम्मीच टाकली. फिडल दहा फुटांपलीकडे ऐकू येत नव्हतं, कॉन्सर्टिनाने मैदान मारलं. सायडिंगचं काय झालं म्हणाल तर प्रत्येक जोडीने आपापलं ठरवावं असा तोडगा निघाला होता, आणि बघणाऱ्यांपैकी एकालाही तिथे काही दोन प्रकार चाललेत असा संशय आला नाही. नंतर केकच्या स्टॉलवरच्या बाईंनी मला मोठ्या कौतुकाने विचारलं, ‘किती छान! हे कुठलं असतं?’ त्या याच गावात जन्मलेल्या. मी म्हटलं, ‘इथलंच.’ त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मी त्यांना किंबरची आणि थंडीची गोष्ट सांगत बसले, त्या ऐकता ऐकता मला लेमन केकचा दुसरा तुकडा वाढत गेल्या, आणि रांग खोळंबली.

आता आमच्या कॉलर बाईंनी मला हाताशी धरलंय. त्यांचा आवाज बसत चाललाय आणि मंडळात पन्नाशीच्या आतली माणसं मोजकीच, त्यातली एक मी. काम दिसतं तेवढं सोपं नाही. सूचना वेळेवर देऊन चालत नाही, वेळेआधी द्यावी लागते. आधीची ओळ संपत आलेली असताना, पण नाचणाऱ्याने हातातलं सोडून पळत सुटू नये इतक्या उशिरा. ती दोन मात्रांची जागा सापडली पाहिजे. शिवाय मी मनात मराठीत मोजते, आणि ‘पाच, सहा’ला तोंडाने इंग्रजीत भलतंच बोलायचं असतं. म्हणून सध्या रात्री जेवणं झाली की स्वयंपाकघरात तालीम चालते. टेबल भिंतीला लावायचं, फोनवर चाल लावायची. चौकाला चार माणसं लागतात आणि आम्ही घरात तिघं, त्यातली मी सूचना देणार. नवरा पहिला पुरुष होतो, फारशी कुरकुर न करता. पहिल्या बाईच्या जागी खुर्ची. मुलगा म्हणतो, मी दुसरी बाई होणार नाही. मग दुसरी बाई मॉपला करावी लागते, आणि दुसरा पुरुष म्हणून त्याला मॉपबरोबर गिरकी घ्यावी लागते. दोन आवर्तनांत तो कंटाळतो आणि मॉपशी जागा बदलून घेतो. खुर्चीला जागची हलवायची कुणी, यावर अजून आमचं एकमत व्हायचंय.